आठवी पेशी

जून महिन्यात आमच्या गावात कुणी कुणाला फावडं उसनं देत नसे. ज्याचं त्याचं फावडं अंगणात नाहीतर दुकानाच्या दाराशी कामात असे. ईरी सरोवराच्या तळातून मासळमाश्या वर यायच्या, दिव्यांभोवती घोंघावायच्या आणि सकाळी खांबाखाली त्यांचे ढीग पडलेले असायचे. पुलावर गाड्या घसरायच्या. सडक्या मासळीचा वास पडद्यांमधून जाता जायचा नाही. पलीकडच्या तीरावरचे लोक त्यांना 'अमेरिकेचे शिपाई' म्हणायचे, आम्ही 'कॅनडाचे शिपाई' म्हणायचो. ही फौज आपली आहे असं कबूल करायला कुणीच तयार नव्हतं.

माझी थोरली बहीण डेल्फीन मात्र वर्षभर त्या फौजेची वाट बघायची.

आम्ही लाब्यू. राइझिन नदीच्या मुखाशी, लव्हाळ्यात राहणारे फ्रेंच. उन्हाळ्यात जाळी टाकायची, हिवाळ्यात पाणउंदरांचे सापळे लावायचे, आणि ईस्टरआधीच्या उपवासात तोच पाणउंदीर मासळी समजून खायचा. पाद्र्यांची त्याला हरकत नसते. आई लवकर गेली. पापा, म्हणजे ऑझी लाब्यू, यांनी आम्हा दोघींना होडीतच वाढवलं म्हणा ना. मी कागदाच्या गिरणीत लागले. डेल्फीन शिकत गेली ती गेलीच, थेट विद्यापीठात डॉक्टरेटला बसली. विषय काय, तर मासळमाशीचा डोळा. गावात हे कळलं तेव्हा लोक पापांना चिडवायचे, "ऑझी, पोरगी डोळ्यांची डॉक्टर झाली म्हणे!"

पापा म्हणायचे, "झाली की. पण तिचा पेशंट एकच दिवस जगतो."

एका रविवारी जेवण झाल्यावर पापांनी तिला सरळच विचारलं, "मला एकदा समजावून सांग, पोरी. माशीच्या डोळ्यात एवढं बघायचं काय असतं?"

डेल्फीनने ताटातलं मक्याचं कणीस उचललं. "हा डोळा समजा. प्रत्येक दाणा म्हणजे एक स्वतंत्र छोटा डोळा. त्याला नेत्रिका म्हणतात. वरून षटकोनी दिसतो, आत चांगला लांब असतो. सगळ्यात वर भिंग. भिंगाखाली चार पेशींनी मिळून केलेला एक शंकू, काचेसारखा स्वच्छ. आणि त्याच्याखाली बघणाऱ्या पेशी, लांबच लांब, एकमेकींना चिकटून गोल उभ्या. दोन दाण्यांमध्ये रंगपेशींचे पडदे, म्हणजे एकाचा उजेड दुसऱ्यात जायला नको."

मग तिने एक संत्रं सोललं आणि मधोमध आडवं कापलं. "बघणाऱ्या पेशी आडव्या कापल्या की अशा दिसतात. मधे दांडी, भोवती फोडी. उजेड त्या मधल्या दांडीत पकडला जातो, आणि प्रत्येक फोड आपापला निरोप खाली पाठवते."

"फोडी किती?"

"तिथेच तर भांडण आहे," डेल्फीन म्हणाली. "एंगडाल म्हणतात सात. मी म्हणते आठ."

प्रोफेसर एंगडाल तिचे मार्गदर्शक. उंच, हळू बोलणारे, आणि कामात पक्के. सरोवराकाठच्या जुन्या बर्फाच्या कोठारात त्यांची उन्हाळी प्रयोगशाळा होती. मासळमाशीच्या नेत्रिकेत सात पेशी असतात हे त्यांनीच छापलं होतं. डेल्फीनला काही कापांमध्ये खूप खाली, डोळ्याच्या तळाच्या पडद्याला टेकून, एक आठवं केंद्रक दिसलं होतं. वर सात पेशींची सात केंद्रकं, आणि खाली हे एकटंच. तेही नराच्या डोळ्याच्या वरच्या भागात.

यावर तिने एक सुंदर कल्पना बांधली होती. मासळमाशीच्या नराचे डोळे मादीपेक्षा मोठे, वरच्या बाजूने फुगलेले. सूर्य कलला की नर थव्याने नाचतात आणि वर बघत राहतात. मादी वरून जाते, आभाळाच्या उजेडावर तिची सावली दिसते न दिसते तोच नर तिला गाठतो. डेल्फीनचं म्हणणं, ही आठवी पेशी फक्त नराच्या वरच्या डोळ्यातच असणार. त्या एका क्षणासाठी दिलेली. तिचा सगळा प्रबंध या पेशीवर उभा होता.

एंगडाल म्हणत, "मिस लाब्यू, तुमचे काप फाटलेले आहेत. शेजारच्या नेत्रिकेचा तुकडा सरकून आलाय, त्याला तुम्ही पेशी म्हणताय."

आणि काप फाटलेले होते, हे खरंच होतं. माशीचं डोकं मेणात बसवून पात्याच्या यंत्रावर कापायला घेतलं की डोळ्याचं कडक भिंग फुटायचं आणि फुटता फुटता खालच्या नाजूक पेशी ओरबाडत न्यायचं. यावर उपाय एकच. मासळमाशी पाण्यातून वर येते तेव्हा तिला पंख असतात, पण ती अजून पुरती झालेली नसते. दुसऱ्या दिवशी ती आणखी एकदा कात टाकते. त्यानंतर थोडा वेळ भिंगं मऊ असतात, लोण्यासारखी कापता येतात. नेमक्या त्या वेळात नर पकडून औषधात बुडवायचा. त्यासाठी जिवंत माश्या हव्यात, भरपूर हव्यात, आणि त्या जूनमध्येच मिळतात.

"मला आणखी एक जून द्या," तिने एंगडालांना सांगितलं. त्यांनी दिला.

पण त्या सप्टेंबरात वारा पडला. तो एकोणीसशे त्रेपन्न सालचा लांबलेला उन्हाळा. दिवसेंदिवस लव्हाळ्याचं पान हललं नाही. सरोवर तेलासारखं निपचित पडलं होतं. पापा एका सकाळी जाळं ओढून परतले. होडीच्या तळाशी चिखल आला होता, आणि त्या चिखलात मासळमाशीची पिल्लं, सगळी मेलेली, फिकी पडून सुजलेली. ही पिल्लं तळाच्या चिखलात बीळ करून राहतात. पाणी हललं नाही की वरची हवा तळापर्यंत पोचत नाही, आणि खाली सगळं गुदमरतं.

डेल्फीन धावत आली. तिने हाताने चिखल चाळला, पुन्हा चाळला.

"दुसरीकडे बघू, पापा."

"चार ठिकाणी बघून आलोय," पापा म्हणाले. "आपल्या बाजूला सगळीकडे हेच आहे. पर्च मासे आता काय खाणार, देव जाणे."

पुढच्या जूनमध्ये गावाने फावडी बाहेर काढली आणि तशीच परत ठेवली. दिव्यांखालचा रस्ता स्वच्छ. गावाला कोण आनंद! मद्यालयाचा मालक म्हणाला, "शिपाई पळाले, आता एक एक माझ्याकडून!" लोक अंगणात खुर्च्या टाकून बसले. मी डेल्फीनला शोधत धक्क्यावर गेले, तर ती हातात जाळीची पिशवी घेऊन उभी होती. समोर मोकळं आभाळ. एकही थवा नाही.

"चल घरी," मी म्हटलं.

"यांना कळतंय का ग, हे कशाचा आनंद करताहेत ते?" ती म्हणाली. रडली नाही. तिचा जबडा असा आवळला होता की मला वाटलं, दात दुखतील हिचे.

दुसऱ्या दिवशी तिला जेवणाचा डबा द्यायला मी प्रयोगशाळेत गेले तेव्हा दोघांचं बोलणं चाललं होतं. दार उघडंच होतं.

"मधमाशी घ्या," एंगडाल म्हणत होते. "हवी तेवढी मिळते. डोळा उत्तम आहे. वर्षभरात प्रबंध होईल."

"मधमाशीचा डोळा खूप जणांनी कापलाय, सर."

"म्हणूनच सोपं जाईल."

"मला सोपं नकोय. मी जे बघितलंय ते आहे की नाही, एवढंच मला बघायचंय."

"आणि नसलं तर?"

"तर तुमचे सात खरे. तसं मीच लिहीन. पण फाटक्या कापांवर ना तुमचं खरं ठरेल ना माझं."

एंगडालांनी चष्मा काढून पुसला. "तुमची शिष्यवृत्ती उन्हाळ्यापुरती आहे, मिस लाब्यू. ऑगस्ट संपेपर्यंत अखंड काप दाखवा. नाहीतर मधमाशी."

"दाखवते," ती म्हणाली आणि माझ्या हातातला डबा न घेताच बाहेर पडली.

घरी येऊन तिने पापांसमोर नकाशा पसरला. पापांनी नकाशाकडे बघितलंही नाही. "पाणी वाहतं राहील तिथे पिल्लं जगतील. आपल्या सरोवराचं सोड. वर सेंट क्लेअर सरोवर आहे ना, त्यातून नदी आरपार जाते. तिथलं पाणी उभं राहतच नाही."

"मग कधी निघायचं?"

"तू बूट घाल," पापा म्हणाले.

मी गिरणीत रजा टाकली आणि पापांचा ट्रक घेऊन आम्ही तिघं निघालो. मागे होडी, चाळण्या, आणि आईच्या वेळचे कपडे धुवायचे टब. वाटेत लागेल त्या ओढ्याच्या मुखाशी डेल्फीन गाडी थांबवायला लावायची, पाण्यात उतरून फावड्याने तळ उपसायची, चाळायची. काही नाही. पुन्हा ट्रकमध्ये. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. एका ठिकाणी तर जळवा चिकटल्या, त्याही तिने चालत्या गाडीतच काढून टाकल्या.

सेंट क्लेअरच्या उथळ भागात, नदीचे फाटे जिथे लव्हाळ्यातून सरोवरात शिरतात तिथे, पापांनी होडी थांबवली. लांब दांड्याचं खोरं खाली सोडलं, वर ओढलं. चाळणीत चिखल निथळला आणि आत काहीतरी वळवळलं.

"हात लावू नकोस!" डेल्फीन माझ्यावर ओरडली. मग स्वतःच एक पिल्लू तळहातावर घेतलं. पिवळसर, शेपटीला तीन केस, अंगाच्या बाजूंना कल्ल्यांची पिसं, ती अखंड हलत होती. पंखांच्या जागा काळ्या पडलेल्या, म्हणजे वर यायला झालेलं. ती भिंगातून त्याचे डोळे बघायला लागली. "नर आहे. पापा, नर आहे!"

"बारसं नंतर कर," पापा म्हणाले. "टब भरून घे."

टब भरून आम्ही घरी आणले आणि मागच्या पडवीत सावलीला ठेवले. दोन दिवसांत सगळी पिल्लं मेली.

डेल्फीन टबांपुढे उकिडवी बसून राहिली. पापा आले, एका टबात बोट घातलं, वास घेतला.

"सरोवराचं झालं तेच तू टबात केलंस, बाई. उभं पाणी, वर उन्हाळा. माशाला होडीत घालून आणतो तेव्हा मी काय करतो?"

डेल्फीनने मान वर केली. "पाणी हलवत राहता."

"मग?"

त्याच संध्याकाळी तिने पापांच्या होडीचा हातपंप काढून पडवीत आणला, त्याला नळ्या जोडल्या. पंप हलवायला कुणीतरी सतत हवं. तिने पाळ्या लावल्या. गिरणीतून आले की मी, दुपारी पापा, उरलेला सगळा वेळ ती. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "इतक्या वर्षांनी सुटका झाली, आणि तुम्ही ती घाण घरात पाळताय?"

पापा पंप हलवत म्हणाले, "तुला लागल्या तर सांग. जोडीने देतो."

आम्ही पुन्हा सेंट क्लेअरला गेलो. यावेळी पिल्लं जगली. एका संध्याकाळी टबावरच्या जाळीला खालून पहिली माशी येऊन बिलगली, मग दुसरी, मग जाळी झाकून गेली. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला त्यांनी कात टाकायला सुरुवात केली. पाठ उकलायची आणि आतून चकचकीत, नितळ पंखांची माशी ओढून निघायची. डेल्फीन नुसती बोट दाखवायची, "तो! आता!" आणि मी चिमट्याने उचलून तिच्या हातातल्या बाटलीत टाकायचे. औषधाच्या वासाने माझे डोळे चुरचुरत होते. नर झाले. मग तिने माद्याही घेतल्या.

"माद्या कशाला?" मी विचारलं. "तुझी पेशी तर नरात आहे."

"मादीत ती नाही, हेही दाखवायला नको का?"

मग कापाकापी. मेणाचा ठोकळा यंत्रात बसवायचा, चाक फिरवायचं, आणि पात्यावरून कापांची फीत निघायची, प्रत्येक काप मागच्याला चिकटलेला. एकही काप गहाळ होऊन चालणार नव्हतं. भिंगापासून तळाच्या पडद्यापर्यंत एकच नेत्रिका उतरत उतरत जायला हवी. पहिल्या दोन डोक्यांच्या फिती मध्येच तुटल्या. तिसरीच्या वेळी मी दारातून आत आले आणि वाऱ्याने फीत उडाली. डेल्फीन माझ्याकडे बघून इतकंच म्हणाली, "दार लाव, रोझाली, आणि बाहेरच राहा." मी बाहेर राहिले. ती पुन्हा पातं घासायला बसली.

पुढची फीत अखंड निघाली. भिंग फुटलं नाही. तिने काचपट्ट्या क्रमाने मांडल्या, रंगवल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एक नेत्रिका धरून ती खाली उतरत गेली. शंकूच्या चार पेशी. मग सात फोडी, मधे दांडी. खाली, आणखी खाली, सात केंद्रकं एकामागून एक आली आणि गेली. मग बराच वेळ काही नाही. आणि तळाच्या पडद्याच्या जरा वर, सातांच्या मधे दाटीवाटीने घुसलेली एक छोटी पेशी. स्वतःचं केंद्रक असलेली. तिच्यातून एक धागा पडद्यापार गेला होता, बाकीच्या सातांसारखाच. तुकडा नव्हता तो.

तिने शेजारची नेत्रिका बघितली. आठ. त्याच्या शेजारची. आठ.

मग ती डोळ्याच्या खालच्या भागाच्या पट्ट्यांवर गेली. तिथे सात असायला हव्या होत्या. आठ होत्या.

मादीचा डोळा. आठ.

त्या दिवशी घरी आली ती स्वयंपाकघरात उभी राहिली, पाण्याचा पेला भरला आणि प्यायलीच नाही. पापा जाळं विणत होते.

"सापडली?" त्यांनी विचारलं.

"सापडली. सगळ्यांत सापडली. नरात, मादीत, वर, खाली. सगळीकडे आठ."

"मग तुझं खरं झालं की!"

"आकडा खरा झाला, पापा. माझी कल्पना खोटी झाली. ती काही नराला मिळालेली खास पेशी नाहीये. सगळ्यांनाच असते. फक्त इतकी खाली दडलेली की कुणी बघितली नाही."

पापांनी सुई खाली ठेवली. "म्हणजे बायकांनाही असते."

"हो."

"मला विचारलं असतंस तर आधीच सांगितलं असतं. तुमच्या आईला सगळं दिसायचं."

डेल्फीन आधी हसली आणि मग तोंडावर हात धरून रडली. सप्टेंबरापासून दाबून धरलेलं सगळं तेव्हा बाहेर पडलं. पापा उठले नाहीत. नुसतं तिच्याकडे खुर्ची सरकवली. मी सूप गरम केलं. जेवताना ती म्हणाली, "सकाळी जाऊन सांगते त्यांना." मी म्हटलं, "नुसतं आठ आहेत एवढंच सांग ना. बाकीचं सवडीने." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून ताटं गोळा करायला लागले.

सकाळी मी तिच्याबरोबर गेले. एंगडाल सूक्ष्मदर्शकापाशी बसले आणि त्यांनी एकेक पट्टी स्वतः सरकवली. डेल्फीन भिंतीला टेकून उभी होती. ते एकदा मागे गेले, पुन्हा खाली उतरले. शेवटी त्यांनी डोळा वर केला. चेहरा ओढलेला होता.

"आठ," ते म्हणाले.

"हो, सर. पण मादीच्या पट्ट्याही बघा. माझा सिद्धान्त गेला."

त्यांनी त्याही बघितल्या. मग खुर्चीत मागे टेकले. "मी तेव्हा तळापर्यंत गेलोच नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "माझेही काप वरच तुटायचे. सात दिसल्या, मी थांबलो." थोड्या वेळाने म्हणाले, "मिस लाब्यू, माझी चूक मीच छापीन. आधी माझी दुरुस्ती जाईल, मग तुमचा लेख. लेखावर नाव तुमचं एकटीचं."

"तुम्ही पात्याला धार कशी लावायची ते शिकवलंत, सर."

"ते प्रस्तावनेत लिहा," ते म्हणाले. आणि मग, जरा कोरडेपणाने, "आता प्रबंधाला सिद्धान्त राहिला नाही, याचा विचार केलात?"

"रात्री केला. आठवी पेशी सगळ्यांत आहे, तर नराच्या वरच्या डोळ्याचं वेगळेपण दुसऱ्या कशात तरी असणार. शंकू आणि बघणाऱ्या पेशी यांच्यामध्ये वरच्या डोळ्यात रुंद मोकळी जागा दिसते. खालच्या डोळ्यात ती जवळपास नाहीच. माझं सगळं लक्ष तळाशी होतं, म्हणून मी ती नुसती ओलांडून जात होते. मला ती मोजायचीय."

"त्याला आणखी माश्या लागतील."

"लागतील."

एंगडालांनी उठून खिडकी उघडली. बाहेर सरोवर स्वच्छ, रिकामं पडलं होतं. "शिष्यवृत्तीसाठी मी पत्र लिहितो," ते म्हणाले. "मधमाशीचं नाव काढत नाही."

पुढच्या रविवारी डेल्फीनने पापांना प्रयोगशाळेत नेलं. पापांनी चर्चचा कोट घातला होता. ते सूक्ष्मदर्शकावर वाकले. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग डेल्फीनने मागून चाक फिरवलं आणि चित्र स्पष्ट झालं.

"या फोडी?"

"हो. मोजा."

ते पुटपुटत मोजत होते. पट्टी बदलली, पुन्हा मोजलं. मग न हलता म्हणाले, "इतकी वर्षं यांना आमच्या होडीत चिरडत होतो आम्ही." त्यांनी कोटाची बाही चेहऱ्यावरून फिरवली आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.

डेल्फीनला डॉक्टरेट मिळायला पुढे आणखी दोन उन्हाळे गेले. ती मोकळी जागा खरोखरच होती, आणि तिच्यामुळे वरच्या डोळ्यात अनेक भिंगांचा उजेड एकाच दांडीवर पडतो हे तिने दाखवलं. कलत्या उजेडात नराला मादी दिसते ती त्या आधाराने. आमच्या तीरावर तेव्हाही माश्या नव्हत्या. म्हणून दर जूनला आम्ही तिघं ट्रकमध्ये बसायचो, आणि सेंट क्लेअरच्या लव्हाळ्यात पापा होडीतून ओरडून विचारायचे, "बोला डॉक्टर, आज कोण हवंय, नवरे की बायका?"

"दोन्ही!" ती कमरेएवढ्या पाण्यातून ओरडायची आणि फावडं पुन्हा चिखलात खुपसायची.